मूठ आपली, चाप नियमाचा

२०२४ च्या ऑलिम्पिकमधला एक फोटो आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही अधूनमधून येत असतो. तुर्कस्तानचा नेमबाज युसूफ डिकेच. वय ५१, अंगात साधा टी-शर्ट, डोळ्यांवर रोजचा चष्मा, एक हात खिशात आणि दुसऱ्या हातात पिस्तूल. शेजारी इतर नेमबाजांचे फोटो, त्यांच्या डोळ्यांवर खास भिंगं आणि झापडं. मागच्या वर्षी माझ्या भावाने तो पुन्हा टाकला आणि खाली लिहिलं, "ज्याच्या अंगात हुनर असतो त्याला सामान लागत नाही." मग खास माझ्या मुलीसाठी आणखी एक ओळ : "बेटा, पिस्तूल कंपनीने दिलंय तसंच वापर. मामूचं ऐक."

मामूला हे लिहावंसं वाटलं त्याला कारण होतं. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं, त्याची गोष्ट तिने शाळेत ऐकली आणि ती १० मीटर एअर पिस्तूल शिकायला लागली. क्लबचं पिस्तूल चार-पाच मुलं आळीपाळीने वापरतात. त्याची मूठ मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाची. चापापर्यंत बोट पोचावं म्हणून ही पोरगी दर वेळी तळवा थोडा सरकवायची, म्हणजे दर वेळी पकड निराळी. सरांनी सांगितलं, "मॅडम, लहान मापाची मूठ घ्या. मी तिच्या हाताप्रमाणे घासून देतो."

मी नाही म्हणाले. कारण पैशाचं सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं, ते आज लिहिते.

त्याच्या आधीच्या महिन्यात आम्ही मायलेकी एका स्पर्धेला एसटीने गेलो होतो. पिस्तुलाची पेटी माझ्या मांडीवर होती. शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "यात काय आहे हो?" मुलगी बोलायच्या आत मी म्हणाले, "शाळेचं सामान." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. वीस वर्षं वर्गात खरं बोला म्हणून शिकवणारी मी, एका भल्या बाईशी खोटं बोलले. डोक्यावर दुपट्टा, तोंडात आमची नावं आणि मांडीवर पिस्तूल. पुढे कोण काय विचारेल याची भीती मी त्या बाईंच्या आधीच स्वतःला घालून घेतली होती.

म्हणूनच मूठ बदलायची गोष्ट निघाली तेव्हा मला वाटलं, जसं आहे तसं राहू दे. उद्या कुणी विचारलं की यात काय बदल केलाय, तर 'काहीच नाही' एवढंच उत्तर माझ्याकडे असावं. याला मी साधेपणा म्हणत होते.

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी नियम सांगितले. १० मीटर एअर पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम. पूर्ण पिस्तूल ४२० मिलिमीटर लांब, २०० उंच आणि ५० रुंद एवढ्या खोक्यात बसलं पाहिजे. दुर्बीण किंवा भिंगाची नेमणी चालत नाही, उघडीच हवी. मुठीचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये, मनगट मोकळं हवं. आणि चाप किमान ५०० ग्रॅमचा. म्हणजे पिस्तूल उभं धरून चापाला ५०० ग्रॅमचं वजन अडकवलं तर ते त्याने पेललं पाहिजे. एवढं पाळलं की मूठ तुमच्या हाताप्रमाणे घासा, कमी पडेल तिथे लाकडाची लुगदी भरा, कुणाची हरकत नाही. मुळात या पिस्तुलांच्या मुठी लहान, मध्यम, मोठी, उजवी, डावी अशा वेगवेगळ्या मापांतच मिळतात. एक स्क्रू काढला की सुटतात. मूठ हाताला बसवून घ्यायची असते हे बनवणाऱ्यानेच धरून ठेवलंय. ज्या गोष्टीला मी घाबरत होते ती चोरवाट नव्हतीच. तो राजरस्ता होता.

मग युसूफ डिकेचचं काय? त्या फोटोने आपल्याला थोडं फसवलंय. त्याच्या कानात बोळे होते. हात खिशात घालणं ही ऐट नव्हती. या खेळात एकाच हाताने नेम धरायचा असतो, मोकळा हात लोंबकळत राहिला तर शरीर डोलतं, म्हणून बहुतेक नेमबाज तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात. ते पदक मिश्र सांघिक स्पर्धेतलं रौप्य होतं. जोडीदार शेव्वाल इलायदा तरहान, तिचाही हात खिशातच होता, पण फिरणाऱ्या फोटोतून ती गायब झाली. डिकेचचं ते पाचवं ऑलिम्पिक, २००८ च्या बीजिंगपासून तो खेळतोय. आणि हातातलं पिस्तूल स्पर्धेसाठीच बनवलेलं होतं. तो दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतो, म्हणून त्याला झापड लागत नाही. नको ते त्याने काढून टाकलं, हवं ते ठेवलं. आपल्या शरीराप्रमाणे साधन लावून घेणं यालाच म्हणतात. माझ्या मुलीला मूठ हवी होती, डिकेचला झापड नको होतं. दोघांचं म्हणणं एकच आहे.

उर्दू शिकवणारीला हे आधीच कळायला हवं होतं. आमचे उस्ताद तख्तीवर लिहायला शिकवायचे तेव्हा प्रत्येकाचा बोरू वेगळा तासून द्यायचे. कुणाचा हात जड, कुणाची बोटं आखूड. टोकाचा तिरका काप त्याप्रमाणे कमी-जास्त. पण अक्षराचं माप बोरूच्याच नुक्त्यांनी मोजायचं, आणि त्यात कुणाला सूट नव्हती. बोरू तुझा, माप सर्वांचं. हे मी दरवर्षी मुलांना सांगते आणि माझ्याच घरात विसरले.

आता दुसरी बाजू. पिस्तुलात बदल म्हटलं की सगळेच बदल मुठीसारखे नसतात. चाप हलका करायचा मोह मोठा असतो, कारण हलक्या चापाने हात कमी हलतो. एका स्पर्धेत गोळीबार संपल्यावर अचानक तपासणी झाली. एका मोठ्या मुलाचा चाप ५०० ग्रॅम पेलू शकला नाही. तो बाद झाला. दिवसभराची मेहनत गेली आणि आईबाप मान खाली घालून बसले. मुलीने घरी येताना विचारलं, "अम्मी, त्याने मूठ घासली असती तर चाललं असतं, चाप का नाही?"

मला सुचलं ते उत्तर असं : मूठ तुझ्यासाठी आहे, चाप समोरच्यांसाठी आहे. चापाचं वजन म्हणजे मन बदलायला मिळालेला वेळ.

अमेरिकेत घरोघरी पिस्तुलं आहेत आणि तिथे हा वाद रोजचा आहे. स्वसंरक्षणाचं पिस्तूल कंपनीचं तसंच ठेवावं की चाप, नेमणी बदलून घ्यावी? न्यूयॉर्कच्या पोलिसांनी एके काळी उलटा बदल करून घेतला. ग्लॉक पिस्तुलाचा चाप कारखान्यातून साधारण अडीच किलोचा येतो, त्यांनी तो साडेपाच किलोच्या आसपास करून घेतला. चुकून गोळी सुटू नये, हा हेतू. त्यावर टीकाही झाली. २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका मारेकऱ्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या तेव्हा रस्त्यावरचे नऊ लोक जखमी झाले, आणि इतक्या जड चापाने नेम चुकतो असं अनेकांनी म्हटलं. म्हणजे जड चाप हाही काही तावीज नाही. पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता : या बदलाने कुणाचा धोका वाढतो आणि कुणाचा कमी होतो? रेंजवर नळी कायम लक्ष्याकडे असते, हुकूम झाल्यावरच छर्रा भरतात, म्हणून तिथे ५०० ग्रॅम पुरतात. तोच चाप घरात किंवा रस्त्यावर गुन्ह्यासारखा आहे.

आपल्याकडे बंदुका-पिस्तुलांसाठी १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय त्यांची दुरुस्ती किंवा रूपांतर करता येत नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. हत्यार ही अमानत आहे. तिच्यात आपली मर्जी किती चालवायची याला हद्द हवीच.

पण हद्द हवी म्हणजे हद्दीपासून दहा पावलं मागे उभं राहायचं असं नाही. आपल्या अनेक घरांत ही सवय मी बघते. हक्काची शिष्यवृत्ती असते, पण 'कागदपत्रं विचारतील' म्हणून अर्ज भरत नाहीत. मुलगी वक्तृत्वात हुशार असते, पण 'लोकांच्या नजरेत येईल' म्हणून तिला पुढे करत नाहीत. नियम मोडणारी माणसं आपल्यात असतील तशी सगळ्यांत आहेत. पण नियमाने दिलेली जागा स्वतःहून सोडून देणारी माणसं आपल्यात फार आहेत, आणि त्याला आपण शराफत म्हणतो. ही भीती उगाच आलेली नाही, हे मला माहीत आहे. माझ्या मांडीवरच्या पेटीने मला ते शिकवलंय. तरीही त्या भीतीची किंमत मुलीच्या तळहाताने का द्यायची?

शेवटी एका मोठ्या खेळाडू मुलीची वापरलेली लहान मूठ स्वस्तात मिळाली. सरांनी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन दोन संध्याकाळ ती घासली. हिने पकडायची, सरांनी पेन्सिलीने खूण करायची, पुन्हा घासायची. चापाला कुणी हात लावला नाही. गुण लगेच वाढले नाहीत, पहिले दोन आठवडे तर कमीच झाले. नंतर छर्रे एका जागी पडायला लागले. ती अजून राज्य पातळीच्या बरीच खाली आहे.

पुढच्या प्रवासात एसटीत एका काकांनी पेटीकडे बोट दाखवून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "एअर पिस्तूल आहे. स्पर्धेला चाललेय." काका म्हणाले, "बरं, बरं," आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मामूला मी ग्रुपवर उत्तर दिलं : भाईजान, पुढच्या वेळी फोटो टाकलात तर शेव्वालचाही टाका.