न्हावा-शेव्याचा धडा

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये करांच्या हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका संगणकप्रणालीतून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम पसरला. पाहता पाहता नवी मुंबईलगतच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मार्स्क उद्योगसमूहाकडे चालविण्यास होते. कंटेनरांच्या नोंदी हाताने करण्याची पाळी आली आणि मालाचा खोळंबा झाला. मार्स्कने आपले जगभरचे नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले. खोळंबलेल्या ट्रकचालकाच्या बुडालेल्या खेपेला असल्या ताळेबंदात जागा नसते.

या घटनेचे मूळ ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने विंडोज प्रणालीतील एक दोष हेरून त्याचे हत्यार बनविले होते. ते हत्यार बाहेर फुटले आणि एप्रिल २०१७ मध्ये जगजाहीर झाले. नॉटपेट्या ज्या साधनांनी पसरला, त्यांपैकी ते एक होय. पुढे अमेरिका व ब्रिटन यांनी या हल्ल्याबद्दल रशियाच्या लष्करावर ठपका ठेवला. रशियाने तो नाकारला. दोषी कोणीही असो, संशोधनावर जनतेचा पैसा खर्च झालाच होता. तो दोष बुजविण्यासाठी नव्हे, तर दडविण्यासाठी झाला, आणि त्याची किंमत या भांडणाशी काडीचा संबंध नसलेल्या न्हावा-शेव्याने मोजली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, सर्वांच्या संगणकांत असलेला दोष शोधणे हे सार्वजनिक हिताचे काम आहे. त्याचा लाभ सर्वांना होतो, म्हणूनच त्यासाठी कोणतीही एक कंपनी पैसा घालीत नाही. ती आपल्यापुरते कुंपण उभारते. हे संकट सीमा जाणत नसल्याने एकटे राष्ट्रही अपुरे पडते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. त्यांतील मोठी रक्कम २८ देशांतील एटीएममधून काढण्यात आली. पुण्याच्या पोलिसांनी या लुटीतील कित्येकांना पकडून शिक्षा होईपर्यंत तपास नेला, हे स्तुत्य आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये ८३७ कोटी रुपयांच्या सायबर सुरक्षा प्रकल्पाला मंजुरी दिली आणि महापे येथे त्याचे केंद्र उभे राहिले, हेही योग्यच झाले. परंतु तपास गुन्ह्याच्या मागून जातो. संशोधनाने त्याच्या पुढे जावयाचे असते.

आणि येथेच सरकारचा हात आखडतो. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरील एकूण खर्च देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता. चीनचा त्याच सुमारास २.४ टक्क्यांच्या घरात होता. जून २०२० मध्ये भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात सायबर क्षेत्रातील सहकार्याचा करार झाला. त्यातील संयुक्त संशोधनासाठी चार वर्षांकरिता १ कोटी २७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर ठेवले ते ऑस्ट्रेलियाच्या सरकारने. सहकार्याचे स्वागतच आहे. पण दुसऱ्याच्या तिजोरीवर चालणाऱ्या संशोधनात प्रश्नही बहुधा दुसराच निवडतो.

सुरक्षेचे ज्ञान परक्यांशी वाटून घ्यावे काय, असा आक्षेप घेतला जाईल. लष्करी गुपिते वाटावीत, असे कोणी म्हणत नाही. बंदर, बँक, वीज व रुग्णालय यांचे रक्षण हे गुपित नाही. स्वावलंबन म्हणजे एकाकीपणाही नव्हे. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘परम’ उभा राहिला. ज्याच्यापाशी स्वतःचे काही आहे, त्यालाच बरोबरीच्या नात्याने सहकार्य करता येते. त्याच सी-डॅकचे एक केंद्र आज खारघरला आहे.

पाणी आणि औषधे अपुरी असताना ही चैन कशाला, असेही कोणी विचारील. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चे संगणक हल्ल्याने बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे नोंदणीची कामे हाताने करावी लागली. त्या रांगांत कोण उभे होते? ज्यांना खाजगी रुग्णालयाचा दरवाजा परवडत नाही, ते.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. केंद्राच्या अर्थसंकल्पात अशा संयुक्त संशोधनासाठी स्वतंत्र तरतूद असावी आणि तिचा हिशेब संसदेपुढे यावा. पैसा विद्यापीठांना व सार्वजनिक संस्थांना मिळावा. निष्कर्ष कोणा कंपनीची मिरास न होता सर्वांना खुले राहावेत. सहकार्य केवळ धनाढ्य राष्ट्रांशी नको. २०१६ मध्ये ज्याच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर चोरीस गेले, तो बांगलादेशही त्यात हवा. आणि सापडलेला दोष दडविला जाणार नाही, नागरिकांवर पाळत ठेवण्यासाठी वापरला जाणार नाही, असे बंधन कायद्याने घालावे. या अटीवाचून दिलेला निधी उद्याच्या नॉटपेट्याचे बियाणे ठरेल.

हा विषय तज्ज्ञांचा म्हणून कार्यकर्त्यांनी बाजूला सारणे परवडणारे नाही. बंदर-कामगारांच्या, बँक-कर्मचाऱ्यांच्या आणि रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तो आपल्या मागणीपत्रात घेतला पाहिजे. कारण यंत्र थांबते तेव्हा पहिला रोज त्यांचाच बुडतो.