अनुदान : आधार की कुबडी?

नवा शोध अनुदानाने जन्मत नाही. मात्र वेळीच मिळालेला आधार त्याला जगवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या समजुतीने शेतकरी तो घेईनात. तरीही ते डगमगले नाहीत. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा देऊन पाठबळ दिले आणि ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तो राजाश्रय सिद्ध झालेल्या कर्तृत्वाला होता, कोऱ्या आश्वासनांना नव्हे.

विजेवरील वाहनांसाठी २०१९ मध्ये आलेल्या 'फेम-२' योजनेने दुसरी बाजू दाखवली. देशी सुट्या भागांची अट काही दुचाकी कंपन्यांनी पाळली नाही. सरकारला अनुदान परत मागावे लागले. जून २०२३ मध्ये अनुदानाची मर्यादा ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर येताच विक्री कोसळली.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने संशोधनासाठी १ लाख कोटी रुपयांचा निधी मंजूर केला. खिरापतीऐवजी अल्पव्याजी दीर्घ मुदतीच्या कर्जावर त्याचा भर आहे, हे स्वागतार्ह. मात्र अटी काटेकोर हव्यात आणि मुदत ठरलेली हवी. हा पैसा करदात्याच्या घामाचा आहे. स्वदेशी म्हणजे स्वावलंबन; सरकारी तिजोरीवर पोसलेले परावलंबन नव्हे!