वेगवान गाडीचे रोजचे टायर

अथणी-निपाणीकडच्या माणसाला चप्पल निवडायला शिकवावे लागत नाही. जोड हाती घेतला की तो प्रथम उलटा करून तळ पाहतो. गोंडा, वेणी आणि रंग यांचा विचार मागाहून. लग्नकार्यात मिरवायचा जोड वेगळा आणि रोज बाजारहाटाला वागवायचा जोड वेगळा, हेही त्याला उपजतच ठाऊक असते. परंतु हाच माणूस मोटारीचे टायर घ्यायला दुकानात गेला, की हे पिढीजात शहाणपण उंबऱ्याबाहेर ठेवतो, असे आमच्या पाहण्यात आले आहे.

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घरांपुढे हा प्रश्न अलीकडे नव्या रूपात उभा राहिला आहे. एके काळी ज्या दारात अँबॅसिडर किंवा फियाट उभी असे, त्याच दारात आज चिरंजीवांची वेगवान गाडी उभी असते. कुणाकडे चाकण येथे २०२२ पर्यंत तयार होत असलेली पोलो जीटी असते, कुणाकडे सुमारे दीडशे अश्वशक्तीची व्हर्टस जीटी, तर कुणी जुन्या बाजारातून ऑक्टाव्हिया आरएस हौसेने आणलेली असते. गाडी घेताना सर्वांचीच समजूत पटलेली असते. खरा वाद होतो तो तीन-चार वर्षांनी, पहिले टायर झिजल्यावर. चिरंजीव म्हणतात, "अण्णा, या गाडीला शर्यतीच्या वळणाचेच टायर शोभतात." अण्णा म्हणतात, "अरे, जायचे तर कॉलेज रोडपर्यंत. मिळतील ते स्वस्त टायर घाल की!" आमच्या मते दोघांचेही निम्मे बरोबर आहे, आणि जे निम्मे चूक आहे ते जिवाशी गाठ घालणारे आहे.

मुळात टायर करतो काय, हे पाहू. गाडी कितीही मोठी असली तरी प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. म्हणजे गाडी आणि तिच्यात बसलेली चार-पाच माणसे या सर्वांचा भरवसा चार तळहातांवर असतो. इंजिन गाडीला वेग देते, ब्रेक चाकाला थांबवितो. परंतु गाडीला थांबवितो तो टायरच. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर सुमारे चौपट होते. सबब, जी गाडी सहज वेग घेते तिला टायरची गरज साध्या गाडीपेक्षा अधिक असते, कमी नव्हे.

आता आपले रस्ते टायरकडून काय मागतात, तेही पाहिले पाहिजे. पुणे-बेंगळूरु राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ४, आपल्या दारावरून जातो. अशा चौपदरी महामार्गावर मोटारीची वेगमर्यादा २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ताशी १०० किलोमीटर आहे. शर्यतीच्या टायरची खरी चमक दिसते ती याच्या कितीतरी पुढच्या वेगाला आणि कोरड्या, तापलेल्या धावपट्टीवर. आपल्या वाट्याला येतो तो तवंदीच्या घाटाचा उतार, आंबोलीचे धुके, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याला जाताना लागणारी संततधार, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातून रस्त्यावर आणलेला काळा चिखल. रात्रीच्या वेळी मागचा दिवा नसलेली ट्रॉली अवचित पुढे आली, की कोरड्या वळणावरची पकड कामास येत नाही. कामास येते ती ओल्या रस्त्यावर थांबण्याची शक्ती. म्हणून आमचे पहिले आणि शेवटचे सांगणे एकच आहे. रोजचा टायर पावसासाठी निवडावा, आणि बचत करायची ती बाकी सर्व गोष्टींत करावी.

प्रथम टायरच्या बाजूवरील अक्षरे वाचावयास शिकावे. उदाहरणार्थ, २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू. यातील २२५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ४५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. ९१ हा भाराचा अंक असून त्याचा अर्थ एका टायरने ६१५ किलो भार पेलावा असा होतो. शेवटचे अक्षर वेगाचे: एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४० आणि डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर.

येथेच अण्णांचा मोह बळावतो. "शंभराच्या वर जायचेच नाही, तर डब्ल्यू कशाला? एच पुरे!" हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु हे अक्षर केवळ वेगाचे नसते. टायरची बांधणी उष्णता किती सोसते याचेही ते माप असते. वैशाखातला तापलेला रस्ता, कुटुंबासह भरलेली गाडी, थोडी कमी झालेली हवा आणि घाटातील वारंवार ब्रेक ही सर्व एकत्र आली, म्हणजे तीच राखीव ताकद उपयोगी पडते. गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरील पट्टीत जो भाराचा अंक व जे वेगाचे अक्षर दिले असेल, त्याच्या खाली उतरू नये. पुस्तिकेनेच खालचे अक्षर चालेल असे म्हटले असेल तर मात्र ते खुशाल घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरी खूण ट्रॅक्शनची. अनेक टायरांवर एए, ए, बी, सी यांपैकी एक प्रत कोरलेली असते. ती ओल्या डांबरी व काँक्रीटच्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरविलेली असते. आपल्या कामाला ए च्या खालची प्रत नको. एए मिळाल्यास उत्तम. शेजारीच ट्रेडवेअरचा अंक असतो. तो जितका मोठा, तितका टायर झिजण्यास चिवट. मात्र हा अंक कंपनी स्वतःच ठरविते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करण्यापुरताच तो खरा मानावा. शिवाय नुसत्या चिवटपणामागे लागल्यास रबर कठीण येण्याचा संभव असतो, आणि कठीण रबर पावसात घसरू शकते. दीर्घायुषी टायर घ्यावा, परंतु ट्रॅक्शनची प्रत पाहूनच.

एक समाधानाची गोष्ट अशी, की २०२२ साली केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेनुसार ओल्या रस्त्यावरील पकड, फिरताना होणारा विरोध आणि आवाज या तिन्हींसाठी टायरांना किमान कसोट्या लागू झाल्या आहेत. त्यामुळे नामांकित देशी कंपनीचा मध्यम किमतीचा टायर म्हणजे तडजोड, हा समज आता सोडून द्यावयास हरकत नाही. गोव्यात उसगावला टायर होतात, म्हैसूरला होतात; परदेशी नावाच्या कित्येक कंपन्यांचेही कारखाने आपल्याच देशात आहेत. उलट जून २०२० मध्ये टायरांच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हापासून केवळ बाहेरून येणाऱ्या टायरच्या हट्टापायी पैसा आणि वाट पाहणे दोन्ही वाढते. एखाद्याच आयात टायरवर अडून बसण्यात शहाणपण नाही.

मग बचत कोठे करावी? सर्वांत मोठी बचत मापात आहे. शोभेसाठी मोठे रिम आणि पातळ टायर बसविण्याची हौस महाग पडते. २२५/४० आर १८, २२५/४५ आर १७ आणि २०५/५५ आर १६ या तीन मापांच्या चाकांचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच, म्हणजे ६३२ ते ६३७ मिलिमीटर भरतो. परंतु रबराच्या बाजूची उंची पहिल्यात ९०, दुसऱ्यात १०१ आणि तिसऱ्यात ११३ मिलिमीटर असते. खड्ड्यात रिम वाकण्यापासून वाचवितो तो हाच जादा रबराचा पदर. लहान मापाचे टायर बहुधा स्वस्त असतात आणि निवडीस अधिक मिळतात. त्याच गाडीच्या साध्या आवृत्तीला कंपनीने लहान रिम दिले असतील, आणि ते आपल्या गाडीच्या मोठ्या ब्रेकवर बसत असतील, तर रोजच्यासाठी तेच पत्करावे. भाराचा अंक मात्र तपासून घ्यावा.

दुसरी बचत हिशेबात. समजा, एक टायर ६,००० रुपयांचा असून २५,००० किलोमीटर चालतो आणि दुसरा ८,००० रुपयांचा असून ४५,००० किलोमीटर चालतो. पहिला किलोमीटरला २४ पैसे पडतो, तर दुसरा १८ पैशांहूनही कमी. दुकानात जो स्वस्त, तो रस्त्यावर महाग! नव्या टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, हेही भाव विचारताना ध्यानी असावे. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३२५ म्हणजे २०२५ सालातील तेविसावा आठवडा. जुना पडून राहिलेला माल सवलतीच्या नावाखाली गळ्यात पडू देऊ नये. वापरलेले किंवा रीमोल्ड केलेले टायर तर अशा गाडीला नकोतच.

दोनच टायर बदलण्याची ऐपत असेल तर नवे दोन मागे बसवावेत. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते, कारण बहुतेक गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. परंतु ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर पाय हलकेच उचलून गाडी सावरता येते. मागची चाके घसरली की गाडी स्वतःभोवती फिरते, आणि मग घाटात सावरायला जागा उरत नाही.

शेवटी, हवा. नासा या अमेरिकन संस्थेच्या संशोधकांनी १९६३ साली एक नियम मांडला: रस्त्यावर पाण्याचा थर पुरेसा जाड असेल, तर ठराविक वेगानंतर टायर पाण्यावर तरंगू लागतो, आणि हा वेग टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. त्या नियमाने ३२ पौंड हवेला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. हवा २४ पौंडांवर उतरली तर सुमारे ८२. टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकून हे संकट लांबवितात, परंतु खाचा असतील तरच. कायद्याने खाचेची खोली १.६ मिलिमीटर तरी हवी. आम्ही म्हणू, पावसाळ्यात ३ मिलिमीटर हवी. मृग लागण्यापूर्वी आगपेटीची काडी खाचेत उभी घालावी, नखाने खूण करावी आणि मुलांच्या कंपासपेटीतील पट्टीवर मोजावी. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, तपासावी. या दोन्ही कामांना पैसा लागत नाही.

सारांश, अण्णांनी भाराचा अंक आणि वेगाचे अक्षर यांत काटकसर करू नये, आणि चिरंजीवांनी नाव व रुबाब यांचा हट्ट धरू नये. पुस्तिकेतील अंक-अक्षर, ट्रॅक्शनची चांगली प्रत, लहानात लहान योग्य माप आणि ताजी तारीख या चार गोष्टी जुळल्या, की उरलेल्यांत जो परवडेल तो टायर घ्यावा. गाडी वेगवान आहे हे गावाला एरवीही कळतेच. ती वेळेवर थांबते की नाही, हे मात्र घरी वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.