पंच सगळ्यांचा, कौशल्याची नोंद कोणाची?

माझ्या थोरल्या भावाने चाकणच्या एका कारखान्यात सात वर्षं काढली. या काळात कंत्राटदार चार झाले, पण लाईन तीच आणि मशीनही तेच. या सात वर्षांतलं त्याचं एकेक मिनिट कंपनीकडे नोंदलेलं आहे. गेटवर बोट टेकवल्याची वेळ, मशीनला कार्ड लावल्याची वेळ, एका जॉबला लागलेले सेकंद, मशीन थांबलं तर का थांबलं त्याचा कोड. मागच्या वर्षी दुसऱ्या कारखान्यात कायम जागा निघाली तेव्हा त्याला अनुभवाचा कागद मागितला गेला. त्याच्याकडे होत्या चार कंत्राटदारांच्या पगाराच्या स्लिपा. चारही ठिकाणी हुद्दा एकच, हेल्पर.

समाजशास्त्राची संशोधक म्हणून मी आता अशाच शॉपफ्लोअरचा अभ्यास करते आहे. तिथे लाईनच्या तोंडाशी एक फळा असतो, त्याला ‘स्किल मॅट्रिक्स’ म्हणतात. एका बाजूला नावं, वरती स्टेशनं आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेलं वर्तुळ. पाव वर्तुळ भरलं असेल तर माणूस शिकतो आहे, अर्धं असेल तर देखरेखीखाली करतो, पाऊण असेल तर एकट्याने करतो, पूर्ण असेल तर दुसऱ्याला शिकवू शकतो. मी पाहिलेल्या शॉपवर लाईन लीडर कोण होणार, हे या वर्तुळांवरूनच ठरतं. कंत्राटी कामगारांची नावं तिथे नव्हती.

भावाचं नाव मात्र त्याच्या कारखान्यातल्या फळ्यावर एकदा लागलं होतं. ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं आणि त्या स्टेशनवर पूर्ण वर्तुळाचा माणूस दाखवायचा होता. ऑडिटर गेले आणि दुसऱ्या दिवशी नाव पुसलं गेलं. कौशल्य ग्राहकाला दाखवण्याइतकं खरं होतं, पगार वाढवण्याइतकं नव्हतं.

सॉफ्टवेअरला जात कळत नाही, असं मला मॅनेजर लोक आवर्जून सांगतात. मान्य. पण सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ भरतं कोण? सुपरवायझर. नवीन मशीन आलं की ट्रेनिंगला कोणाला पाठवायचं आणि बरीचे ट्रे साफ करायला कोणाला, हेही तोच ठरवतो. ‘गाव कुठलं, आडनाव काय’ हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारून झालेले असतात. पुढे ‘पोरगं चटपटीत आहे’ हा शेरा कोणाच्या वाट्याला येतो, ते वेगळं सांगायला नको. एकदा वर्तुळ भरलं की त्यामागचं आडनाव दिसेनासं होतं, उरते फक्त ‘पात्रता’.

हे आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे. कामाचे तास सगळ्यांचेच मोजले जात, शिकायची संधी मात्र जात पाहून मिळे. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे मजूरमंत्री असताना १९४६च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. कामगाराचा वेळ आणि कामगाराचं कौशल्य, दोन्ही आघाड्यांवर ते लढले. आपल्या कामगार संघटनांनी पहिली आघाडी सांभाळली, दुसरी बहुतेक वेळा मालकावर सोडून दिली.

कायद्याचंही पाहा. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत, काम संपलं की कंत्राटदाराने सेवा प्रमाणपत्र द्यायचं, असं बंधन होतं. त्यात कामाचं स्वरूप, कालावधी आणि वेतनदर लिहायचा असे. माझ्या भावाला असं प्रमाणपत्र एकदाही मिळालं नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या संहितेत अनुभवाचा दाखला ‘मागितल्यास’ द्यायचा आहे. ज्याला उद्या गेटवर कार्ड चालेल की नाही याची खात्री नाही, तो आज कंत्राटदाराकडे दाखला मागणार कसा?

म्हणून मागणी साधी आहे. ज्याचा पंच नोंदला जातो, त्याचं कौशल्यही नोंदलं जावं, मग तो कोणाच्याही कंत्राटावर असो. त्या नोंदीची प्रत न मागता त्याच्या हातात पडावी. आणि ट्रेनिंगला कोणकोणत्या समाजाची माणसं गेली, याचा हिशेब दर वर्षी जाहीर व्हावा. सेकंद मोजणाऱ्या कंपनीला एवढी मोजणी अवघड नाही.

भाऊ सध्या पाचव्या कंत्राटदाराकडे आहे. कायम झालेल्या नव्या पोरांना मशीन तोच शिकवतो. त्याच्या स्लिपेवर अजून हेल्परच लिहिलेलं येतं.