मोगऱ्याला वाय-फाय लागत नाही

राणीच्या बागेत दर हिवाळ्यात महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं. तिथून बाहेर पडणारी माणसं कधी बघा. आपल्याच वयाची, पाठीला लॅपटॉपची बॅग, दोन्ही हातांत कुंड्या. यातल्या बऱ्याच कुंड्या मे महिन्यात मालक सुट्टीवर गेला की उभ्याउभ्या वाळतात. मग आपण इंजिनियर मंडळी काय करतो? मोबाईलवर चालणारा पंप मागवतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वतः बनवतो.

मी बनवला. म्हणून हे लिहायचा अधिकार मला आहे.

भायखळ्याची आमची इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नाही, गच्चीवर नळ नाही. पाणी सकाळी ठरावीक वेळ येणार, बादली जिन्याने वर न्यायची. बाबांनी हे वीस वर्षं केलं. ते गेले, मागे त्यांचा मोगरा राहिला. त्या मे महिन्यात आम्ही दहा दिवस रत्नागिरीला निघालो तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "गच्चीची किल्ली देऊन जा रे, मी घालीन पाणी." मी ऐटीत म्हटलं, "काकू, सगळं ऑटोमॅटिक केलंय."

मातीत सेन्सर, ईएसपी-८२६६ बोर्ड, छोटा पंप, कट्ट्यावर पन्नास लिटरचा ड्रम आणि खाली कुंड्या. पहिल्या रात्री पंप २० सेकंद चालला आणि कोडमध्ये लिहिल्याप्रमाणे बंद झाला. लॉगमध्ये एकही एरर नाही. पाणी मात्र वाहतच राहिलं! नळीचं तोंड ड्रममधल्या पाण्याच्या पातळीखाली होतं. अशी नळी एकदा भरली की पंप बंद असो वा चालू, ड्रम रिकामा होईपर्यंत पाणी ओढत राहते. वक्रनळी. शाळेत शिकवतात. नळीला पाण्याच्या वर एक बारीक भोक पाडलं असतं तर हवा शिरून धार तुटली असती. दोन दिवस फोनवर 'माती ओली' येत होतं, मग 'माती कोरडी, पंप चालू'. पंप रिकाम्या ड्रममधून हवा उपसत होता आणि मी साडेतीनशे किलोमीटरवर बसून ते लाईव्ह बघत होतो. किल्ली माझ्या खिशात.

मोगरा गेला. काकू काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

माझं भांडण पंपाशी नाही. जळगावच्या केळीबागांना ठिबक लागतंच, तिथे एकरांचा हिशेब आहे. पण आठ कुंड्यांसाठी आपण जे उभारतो ते झाडासाठी नसतंच, ते आपल्या हौसेसाठी असतं. आणि हौसेचं बिल झाड भरतं. ते दोन काट्यांचे स्वस्त सेन्सर ओल्या मातीत सतत वीज वाहून गंजतात आणि काही आठवड्यांत वाट्टेल ते आकडे देऊ लागतात. यावर कोणी 'स्मार्ट' म्हणून चिकटपट्टी लावली की आपण पैसे मोजतो.

वैशाखात पिंडीवर आणि तुळशीवर गळती बांधतात ती आठवा. मडक्याला तळाशी भोक, त्यात वात किंवा दर्भ, थेंब थेंब पाणी. आपल्या भाषेत सांगायचं तर हे ओपन लूप. तुळस तहानलेली असो वा नसो, थेंब पडणारच. याहून हुशार वस्तू संक्रांतीनंतर तुमच्याच माळ्यावर धूळ खात पडलेली असते. सुगड. न रंगवलेलं सुगड कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर पणती उपडी घाला. माती कोरडी झाली की ती सुगडाच्या भिंतीतून पाणी ओढते, ओली असली की ओढ कमी होते. सेन्सर, व्हॉल्व्ह आणि कंट्रोलर, तिन्ही कुंभाराने एकत्र भाजून दिलेत. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या फान शंगचीच्या शेतीच्या ग्रंथात पुरलेल्या मडक्याची ही युक्ती नोंदवलेली आहे.

सुगडात पाणी थोडंच मावतं, हे खरं. दहा दिवसांसाठी वात हवी. वातीच्या स्टोव्हच्या वाती हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, नाहीतर जुन्या सुती साडीची पट्टी पिळून घ्या. आधी पूर्ण भिजवायची, एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत चार बोटं खोल. बादली कुंडीच्या शेजारी, पाणी कुंडीतल्या मातीपेक्षा जरा खालीच राहू दे. वर ठेवलीत तर तीच वक्रनळी पुन्हा, फक्त सावकाश! पण वात वीतभरापेक्षा फार वर पाणी चढवत नाही, त्यामुळे बादली उथळ आणि पसरट हवी. आणि झाकण घट्ट हवं, वातीपुरतंच भोक. उघड्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्यापर्यंत तयार होतो. म्हणजे तुमची सुट्टी संपते आणि त्याची सुरू होते. कुंडीखालच्या ताटल्यांनाही हेच लागू.

या सगळ्याच्या आधी कुंड्या उन्हातून उचलून सावलीच्या भिंतीशी एकमेकींना चिकटवून ठेवायच्या आणि मातीवर नारळाच्या शेंड्या पसरायच्या. पाणी वाचवण्यात बाकी सगळ्या करामतींपेक्षा याचाच वाटा मोठा, असं मी घरी बादल्या मोजून म्हणतोय. आपल्या नळाला येणारं पाणी तानसा, भातसा, वैतरणेतून येतं. तिथल्या आदिवासी पाड्यांत उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे वाहतात, आणि मी एका रात्रीत पन्नास लिटर गच्चीच्या मोरीत सोडले.

"पण काकूंना त्रास कशाला?" असं एक मित्र म्हणाला. त्रास? विचारून तर बघ. आपल्याला कोणाचं काही लागू नये म्हणून आपण सर्व्हर भाड्याने घेतो.

यंदा बारा सुगडं पुरली, तीन वातीच्या बादल्या लावल्या, नवा मोगरा सावलीत ठेवला आणि किल्ली काकूंच्या हातात दिली. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. "अरे, एका बादलीतली वात बाहेर पडली होती. घातली परत. आणि चार फुलं लागली होती, ती मी देवाला घेतली हं."