सिग्नल घड्याळावर चालत नाही

नाशिकरोडच्या आमच्या वस्तीत रेल्वेचे गँगमन, सांधेवाले, फिटर पुष्कळ. (गँगमनला आता ट्रॅकमेंटेनर म्हणतात, काम तेच आहे.) अशाच एका गँगमनची आठवीतली मुलगी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रेल्वे सिग्नलची प्रतिकृती करीत होती, ती पाहावयास आम्ही गेलो. पुठ्ठ्याचा खांब, त्यावर लाल, पिवळा, हिरवा असे एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी, प्रत्येक दिव्याला ४७० ओहमचा रेझिस्टर. ५५५ क्रमांकाची टायमर चिप आणि ४०१७ काउंटर यांच्या जोरावर दर पाच सेकंदांनी रंग पालटत होता. आम्ही तर शाबासकी देऊन मोकळे झालो.

वडील रात्रपाळी करून आले होते. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "पोरी, हा चौकातला सिग्नल झाला. आमचा सिग्नल घड्याळावर चालत नाही, गाडीवर चालतो."

पोर हिरमुसली. प्रदर्शन चार दिवसांवर आलेले. पण बाप खरे तेच बोलला होता. जेथे स्वयंचलित सिग्नल आहेत तेथे गाडी सिग्नल ओलांडून गेली की तो लाल होतो. ती एक टप्पा पुढे गेली की एक पिवळा, आणखी पुढे गेली की दोन पिवळे, मग हिरवा. गाडी मध्येच थांबली तर मागचा लाल तासभरही लालच राहील. ज्याला पावसाळी रात्री हातदिवा घेऊन रुळावर गस्त घालावी लागते त्याला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही.

मग त्यांनीच कागदावर आकृती काढली. रुळांतून बारीक प्रवाह सोडलेला असतो. तो टप्प्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या रिलेला ओढून धरतो. गाडी आली की तिच्या चाकांतून व आसातून विजेला जवळची वाट मिळते, रिले सुटतो आणि लाल लागतो. तार निघाली, सेल संपला, तरी रिले सुटतोच. म्हणजे बिघाड झाला तरी लालच. (पुष्कळ ठिकाणी आता गाडीचे आस मोजणारी यंत्रे बसली आहेत.)

घरी हे सहज जमते. पत्र्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना न चिकटवता ठोकायच्या, गाडीला धातूची चाके व लोखंडी आस घालायचा. रुळांचे सेल वेगळे, दिव्यांची बॅटरी वेगळी. रुळांच्या सेलच्या वाटेत रेझिस्टर हवाच, नाहीतर गाडी आली की सेल तापून बसतील.

मुलीला आणखी एक हौस होती. जुन्या सिग्नलचे तारेचे बल्ब हळूच विझत, तसे दिसावे म्हणून तिने हिरव्या दिव्याला, रेझिस्टरसकट, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडला होता. दिसे मोठे छान. पण लाल लागल्यावरही हिरवा मागे रेंगाळे. वडिलांना ते पटेना. "क्षणभर अंधार चालेल. विझलेला सिग्नल म्हणजे ड्रायव्हरला लालच. पण लालाबरोबर हिरवा दिसला तर त्याने काय समजायचे?" शेवटी २२० चा कपॅसिटर बसला आणि हौस थोडी आटोपती घ्यावी लागली.

लहान गाड्यांचा हा खेळ मोठा मांडलेला पाहावयाचा तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, ते १९९८ मध्ये सुरू झाले. सुटीत मुलांना घेऊन जा. सिग्नलही बघायला मिळतील.

प्रदर्शनात परीक्षकांनी गाडी दोनदा चालवून पाहिली. वडील ड्यूटीवर जाता जाता दहा मिनिटे आले. काही न बोलता त्यांनी रुळाची एक तार उपसली. लाल लागला. तार पुन्हा जोडली आणि डबा उचलून ते कामावर गेले.