गाडी मावशींची, मूल आपले
बोईसरला आमच्या शेजारी नवराबायको दोघांच्याही नोकऱ्या पाळीच्या. तीन वर्षांचे पोर सांभाळायला मावशी पालघरहून स्वतःच्या स्कूटरवर येतात. परवा शेजारीणबाई सहज म्हणाल्या, "मावशी, बाळाला स्कूटरवरून बालवाडीत सोडाल ना?"

"सोडीन की! पण पेट्रोल?"

शेजारी गप्प! वाचकहो, प्रश्न पेट्रोलवर थोडाच संपतो? फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचे तर चालकाशी बांधणारा पट्टा हवा, हेल्मेट हवे, वेगही ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हा खर्च मावशींनी का सोसावा?

"गाडी त्यांची ना?" शेजारी म्हणाले.

"आणि मूल?" मी विचारले.

पट्टा, हेल्मेट आले. पेट्रोलचे अद्याप घोळतेच आहे.